कोठीतलं हळू बोलणं

मला गाडी चालवायला बाईसाहेबांनी शिकवलं. नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची कोठी होती आणि कोठीच्या कुंपणाला लागून आमचा मळा. नव्वदीची सुरुवातीची वर्षं, मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. मळ्यात गुलाब, शेवंती आणि सणांच्या तोंडावर झेंडू. आण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे फुलांच्या पाट्या टेम्पोत घालून शहरात न्यायचे आणि त्याआधी आई एक परडी बाजूला काढून कोठीवर पाठवायची. ती कुणी मागितलेली नव्हती. मळा एकेकाळी कोठीचाच. आजोबा तिथे कूळ होते आणि कायदा आला तेव्हा जमीन त्यांच्या नावावर झाली. "जमीन कायद्यानं आली," आई म्हणायची, "फुलं आपण आपल्या मनानं देतो."

एके सकाळी परडी घेऊन मी गेले तर बाईसाहेब पोर्चमध्ये गाडीच्या टपावर हात टेकून उभ्या होत्या. साठी केव्हाच ओलांडलेली, उंच, फिक्या रंगाची सुती नऊवारी, पायांत मोजे आणि कॅनव्हासचे बूट. घराण्यात गाडी चालवणाऱ्या त्या पहिल्याच बाई, आणि आता नजर अधू झाली म्हणून डॉक्टरांनी बंदी घातलेली.

"तुला येते का गं गाडी?"

"नाही बाईसाहेब. स्कूटरसुद्धा येत नाही."

"बरंच झालं. वाईट सवयी नसतील. बस."

मी परडी मागच्या सीटवर ठेवली आणि बसले. फाटकापासून पोर्चपर्यंत सुरूच्या झाडांचा सरळ रस्ता होता. त्या दिवशी मी गाडी तिथल्या तिथे इतक्या वेळा बंद पाडली की कोठीचा म्हातारा माळी पाणी घालायचं सोडून बघत बसला. बाईसाहेब एकदाही रागावल्या नाहीत. हळू आवाजात "परत" म्हणायच्या. एवढंच.

आण्णांना कळलं तेव्हा घरात गोंधळ झाला. "पोरगी मोटार चालवनार? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची नाय." दुसऱ्या दिवशी बाईसाहेब कुंपणाच्या फटीतून स्वतः मळ्यात आल्या. जमीन आमची झाल्यापासून त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आण्णा विहिरीवर होते, पंप चालू होता. बाईसाहेब काहीतरी बोलल्या, आण्णांना ऐकू गेलं नाही. त्या पुन्हा तितक्याच हळू बोलल्या. शेवटी आण्णांना पंप बंद करावा लागला.

"मी म्हणत होते, मला आता दिसत नाही. तुमच्या मुलीला दिसतं."

आण्णांनी पागोट्याला हात लावला आणि मान खाली घातली. तो विषय तिथे मिटला.

त्यानंतर दहाएक वर्षं मी जवळजवळ रोज त्या कोठीत जात होते. आधी गाडीच्या निमित्ताने, मग निमित्ताशिवाय. परीक्षेचा अभ्यास मी तिथेच वरच्या व्हरांड्यात केला. आमच्या घरात दोन चुलते, त्यांची मुलं, पंप, टीव्ही, दारात आलेला व्यापारी, उंबऱ्यात भुंकणारं कुत्रं. कुणाला हाक मारायची तर ओरडूनच. आणि कुंपण ओलांडलं की पंधरा पावलांवर काळ्या दगडाची, मंगलोरी कौलांची ती शांत इमारत. दुपारी व्हरांड्यातल्या फरशीवर अनवाणी चालताना तळव्यांना गारवा लागायचा. दारं वाजायची नाहीत. कुणी "अगं ए" म्हणून हाक मारायचं नाही. चहा आला तरी तो ठेवलेला कळायचा नाही, वासानेच कळायचं. मला वाटायचं, श्रीमंती म्हणजे दागिने नव्हेत, गाडी नव्हे. श्रीमंती म्हणजे ही शांतता. ती मला हवी होती. मनातल्या मनात मी त्या कोठीत राहून घेतलं होतं: कुठल्या खोलीत झोपायचं, कुठल्या खिडकीशी पुस्तकं ठेवायची, सगळं.

ही शांतता कुठून आली ते बाईसाहेबांनी एकदा सांगितलं. कोठी बांधली त्यांच्या आजेसासऱ्यांनी. दरबारी मानाचे सरदार, खानदेशाकडे त्यांची जहागिरीची गावं. त्यांच्या पत्नीला, थोरल्या आईसाहेबांना, छातीचं दुखणं लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाशिकची हवा कोरडी आहे, तिकडे न्या; फार आशा मात्र धरू नका. सरदारांनी नदीपासून हाकेच्या अंतरावर जागा घेतली आणि आजारी माणसासाठी घर बांधलं. प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या. दारांच्या कडांना बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या, आपटली तरी आवाज येऊ नये म्हणून. नोकरांनी अनवाणी चालायचं. टांगे फाटकाबाहेर थांबायचे. बोलायचं ते हळू, कारण आईसाहेबांचा नुकता डोळा लागलेला असेल.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय. एक हिवाळा काढतील म्हणून आणलेल्या बाईनं नवऱ्याला पोहोचवलं, मुलाला पोहोचवलं, नातवाचं लग्न पाहिलं. मी आले तेव्हा होत्या ना त्या! खडखडीत. पण घराला हळू बोलायची सवय लागली ती लागलीच. आजारी माणूस उठून बसलं, तरी घर आजारीच राहिलं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

बाईसाहेबांचं माहेर बागलाणात, नामपूरच्या बाजूला. मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. रूप आणि उंची पाहून सरदार घराण्यात दिली. दर उन्हाळ्यात भाऊ तिकडून कांदे पाठवायचा. ते पसरायला सगळ्यांत हवेशीर खोली म्हणजे बिलियर्डची. हिरवं कापड कसरीने खाल्लेलं ते भलंमोठं टेबल मधे, आणि त्याच्या खाली, भोवती, भिंतीपर्यंत लाल कांदे. नाशिकच्या सभ्य घरांतले पाहुणे आले की बाईसाहेब त्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. मी आले की उघडायच्या आणि दारात उभ्या राहून श्वास घ्यायच्या.

वर्षातून दोनदा आम्ही तिकडे जायचो. आग्रा रोडने वर, मग देवळ्यावरून सटाण्याला. पहिल्या वेळी मी नवखी, ट्रक आला की हात घट्ट व्हायचे. देवळा मागे पडलं आणि बाईसाहेबांनी शेजारची काच खाली केली. रस्त्याकडेला एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. बाईसाहेबांनी मान बाहेर काढली आणि कुठे निघालीस म्हणून ओरडून विचारलं, "कथी जाई राहिनी वो माय?"

मी दचकून ब्रेक मारला. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचा आवाज ऐकलाच नव्हता असं मला वाटलं. भरडा, मोकळा, शेतातून शेताला पोहोचणारा आवाज होता तो. ती बाईही तशीच ओरडून उत्तरली, दोघी हसल्या, आम्ही पुढे निघालो. नामपूर येईपर्यंत त्या गप्प बसल्या नाहीत. कोणाचं शेत, कोणाची विहीर, कोणाची मुलगी कुणाबरोबर पळून गेली, सगळं अहिराणीत. मला निम्मंच कळत होतं. माहेरच्या अंगणात गाडी थांबली तसा भाऊ धोतर सावरत आला. "उनी का वो तू?" म्हणाला, म्हणजे आलीस का, आणि त्या अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उनू ना भाऊ!"

परत येताना देवळ्याला त्यांनी काच वर केली. मग म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा मी पंधराची. माहेरची एक बाई सोबत दिली होती. दुसऱ्याच दिवशी मी जिन्यावरून तिला हाक मारली, आमच्या भाषेत, आमच्या आवाजात. थोरल्या आईसाहेबांनी बोलावून जवळ बसवलं. रागावल्या नाहीत हं. पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, 'या घराला मोठा आवाज सोसत नाही, बाळ.' आठवडाभरात ती बाई माहेरी परत गेली."

"मग तुम्ही बोलायचात कुणाशी?"

"सरकारांशी." म्हणजे त्यांचे यजमान. "त्यांनी मला गाडी शिकवली ती उगीच नाही. गाडी सुरूतून बाहेर पडली की मी काचा लावून अहिराणी सुरू करायची. त्यांना एक अक्षर कळायचं नाही. पण ऐकायचे. चांगला माणूस होता."

हे मी ऐकलं आणि मला वाईटही वाटलं. पण कोठीत पाऊल टाकलं की मी पुन्हा ती गार फरशी आणि न वाजणारी दारं यांच्यातच रमायचे. मी विशी-बाविशीची होते. एखादं घर मला जितकं हवंसं वाटतं तितकंच ते त्यात राहणाऱ्या माणसालाही वाटत असणार, यापलीकडे माझा विचार जात नव्हता.

नवं शतक लागलं. गंगापूर रोडला इमारती उठल्या, आमच्या शेजारच्या मळ्यात वाइनची द्राक्षं आली, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या धरणाकडे धावू लागल्या. बाईसाहेबांचा मुलगा मुंबईत होता. तो वाईट नव्हता. दर महिन्याला यायचा, आईच्या पायाशी बसायचा. एकदा त्याच्यासोबत दोन माणसं आली, टेप लावून खोल्या मोजून गेली. कोठी एका हॉटेलवाल्यांना चालवायला द्यायची ठरली. मागच्या बाजूच्या दोन खोल्या बाईसाहेबांना हयातभर.

मी तेव्हा शहरात एका बँकेत लागले होते. बातमी आईने सांगितली. मी तशीच कुंपणातून पलीकडे गेले. बाईसाहेब व्हरांड्यात गहू निवडत होत्या.

"तुम्ही हो म्हणालात?" माझा आवाज चढला होता.

"म्हणाले. तो एकटा किती कौलं बदलत राहणार?"

मी खांबाला टेकून रडायला लागले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला रडू दिलं. स्वतः मात्र रडल्या नाहीत. मला वाटलं, मोठ्या घरातली माणसं अशीच असतात.

काम सुरू झाल्यावर त्यांनी कुठे राहायचं हा प्रश्न आला. मुलगा मुंबईला चल म्हणाला. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे जागा आहे का गं?" आईने ऐकलं आणि तिची धांदल उडाली. मी माझी खोली दिली, भिंतीला चुना लावला, चादरी धुतल्या आणि चुलत भावंडांना दम भरला की बाईसाहेब आहेत तोवर कुणी ओरडायचं नाही. पहिले दोन दिवस आमच्या घरात सगळे कुजबुजत होते. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"कुणी आजारी आहे का?"

"नाय बाईसाहेब," आई म्हणाली.

"मग असं काय बोलताय सगळे?"

दिवाळीनंतर त्या आल्या आणि उन्हाळाभर राहिल्या. हळूहळू त्यांनी नऊवारीचा पदर कमरेला खोचला. बाजरीच्या भाकरी थापल्या, त्या आमच्या आईच्या भाकरीपेक्षा मोठ्या आणि जाड. लोणच्यात मीठ किती यावरून आईशी त्यांचं भांडण झालं, चांगलं अंगण दणाणेल असं, आणि आण्णा पंपाजवळ उभं राहून म्हणाले, "हितपर्यंत ऐकू येतंय." संध्याकाळी फुलांचे हार ओवायला सगळ्या बायका बसायच्या, त्यात बाईसाहेब बसायच्या आणि माहेरची लग्नातली गाणी म्हणायच्या. आवाज फाटका झाला होता. कुणाला शब्द कळत नव्हते. चुलतभावाची लहान मुलगी मात्र ती गाणी चुकीच्या शब्दांत तशीच्या तशी म्हणायला लागली आणि बाईसाहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मी त्या दिवसांत रोज बँकेतून आल्यावर कुंपणाशी उभी राहून पलीकडे बघायचे. सुरूची अर्धी झाडं पार्किंगसाठी गेली. दारं उतरवून ओळीने भिंतीला लावली होती आणि एक सुतार त्यांच्या कडांची बनात खरवडून काढत होता. तिच्या लाल पट्ट्या मातीत पडल्या होत्या. मी दोन उचलून आणल्या. काय करणार होते कोण जाणे. घरात आले तर ओट्यावर बाईसाहेब आणि आई कशावरून तरी खिदळत होत्या आणि मला त्यांचा रागच आला.

पावसाळ्याच्या तोंडावर हॉटेल सुरू झालं. फाटकाला पितळी पाटी, गड्याला फेटा, हिरवळीवर छत्र्या. बाईसाहेब आपल्या दोन खोल्यांत परत गेल्या. तरुण मॅनेजर अदबीने वागायचा. जेवण ताटातून यायचं, झाकण उघडलं की वाफ निघायची. बिलियर्डच्या टेबलावर नवं हिरवं कापड चढलं होतं, आणि भावाने पाठवलेले कांदे आण्णांनी आमच्या पडवीत पसरले. मी रविवारी जायचे. दिवाणखान्यात परकी माणसं पाय पसरून बसलेली असायची. वरच्या व्हरांड्यात जायला हॉटेलच्या पाहुण्यांशिवाय कुणाला मुभा नव्हती.

दिवाळीनंतर तिथलं पहिलं लग्न झालं. मुंबईची मंडळी. मी संध्याकाळी गेले तर हिरवळीवर पुरुषभर उंचीचे स्पीकर, ढोल, नाचणारी पोरं, आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी तडक मॅनेजरकडे गेले. "बाईसाहेबांचं वय काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?" तो बिचारा माफी मागत माझ्यासोबत मागे आला. बाईसाहेब खोलीत नव्हत्या. खोलीबाहेरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि हाताने गुडघ्यावर ताल धरला होता.

"आवाज कमी करायला सांगू का, मॅडम?" मॅनेजर ओरडून म्हणाला.

"कशाला?" त्याही ओरडल्या. "त्यांचं लग्न आहे ना!"

तो गेला. मी त्यांच्या पायाशी बसले. "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? या घराचं काय केलंय बघा."

गाणं संपलं आणि जरा उसंत मिळाली. त्या नेहमीच्या हळू आवाजात बोलल्या नाहीत. आमच्या अंगणात बोलायच्या तसंच बोलल्या.

"तुला फार आवडायचं हे घर. माहीत आहे मला. म्हणून तर तुला येऊ द्यायची रोज. कुणीतरी इथे आनंदानं बसतंय म्हणून बरं वाटायचं. पण पोरी, या अंगणात इतक्या मोठ्यानं कुणी हसल्याचं मी सुनेची म्हातारी होईपर्यंत ऐकलं नव्हतं. मला राग कसा येईल?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझं इथलं सगळं करून झालं. मला आता तिकडे सोड."

"तिकडे म्हणजे?"

"बागलाणात."

मुलाने समजूत घालून पाहिली. तिथे डॉक्टर नाहीत, लाइट जाते, भाऊ स्वतःच म्हातारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ट्रंक भरायला घेतली. थंडीत एका सकाळी मी गाडी पोर्चमध्ये लावली. त्या गाडीत बसल्या आणि निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं ते मी, आरशात, फाटक येईपर्यंत. काच या वेळी त्यांनी नाशिक सोडायच्या आधीच खाली केली. थंड वारा आत येत होता.

माहेरचं जुनं मातीचं घर पडून तिथे स्लॅबचं घर झालं होतं. भाचेसुनांनी दारात ओवाळलं. जेवणं झाली, मी निघाले, तेव्हा त्या गाडीपर्यंत आल्या. "गाडी तूच ठेव," म्हणाल्या. "आते मी आठेच राहसू." मग मला कळलं नसेल असं वाटून मराठीत म्हणाल्या, "आता मी इथेच राहणार."

एकटीने परत येताना चांदवडच्या घाटाखाली मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. इतक्या रिकाम्या रस्त्याने मी कधी गाडी चालवली नव्हती.

त्या तिथे चार-पाच वर्षं जगल्या. मी जायचे तेव्हा कधी कांदे साठवायच्या चाळीपाशी खाटेवर बसलेल्या असायच्या, कधी शेजारणीशी वाद घालत. दिसायचं बंद झालं होतं, पण माझी गाडी त्यांना आवाजावरून कळायची. वाळल्या, काळवंडल्या, आणि बोलणं असं सुसाट झालं की मलाच थांबा म्हणावं लागायचं. कोठीबद्दल मीच सांगायचे. त्या आपुलकीने ऐकायच्या, एखाद्या लांबच्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तशा. एकदा मी विचारलं, "आठवण येते का?" त्यांनी विचार केला. "सरकारांची येते. त्या व्हरांड्यात बसून तू पाठांतर करायचीस, त्याची येते. घराची नाही गं."

गेल्याचा फोन त्यांच्या भाच्याने केला. मी पोहोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं आणि बायका मोठमोठ्याने रडत होत्या, नाव घेऊन, गुण आठवून, त्यांच्या त्या भाषेत. मुंबईहून आलेला मुलगा भिंतीशी उभा होता. त्याला रडायला येत नव्हतं. कोठीत वाढलेला तो. त्याला सगळ्यांसमोर रडणं कुणी शिकवलंच नव्हतं. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. काय करावं हे मलाही कळत नव्हतं. शेवटी बाईसाहेबांची थोरली भाचेसून आली, तिने त्याला हाताला धरून बायकांच्या मधे नेऊन बसवलं आणि म्हणाली, "रड ना भाऊ, कोणी काही बोलस नही."

कोठी अजून आहे, चांगली चालते. लग्न झाल्यावर मी नवऱ्याला एकदा तिथे चहाला घेऊन गेले. वरचा व्हरांडा दाखवायची सोय झाली नाही. आम्ही हिरवळीवर छत्रीखाली बसलो, शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस होता. नवरा म्हणाला, छान जागा आहे. मी हो म्हणाले. चहा संपला तरी मला उठवेना. आमच्या मळ्यातल्या पंपाचा आवाज कुंपणापलीकडून येत होता, आई कुणावर तरी ओरडत होती, आणि मला अजूनही मनातल्या मनात निवडलेल्या त्या वरच्या खोलीत, खिडक्या लावून, एक दुपार नुसतं पडून राहायचं होतं.